अ‍ॅबॅकस २००७ : माहितीपत्रकात नसलेले एक नाव

१६ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (आपल्या सेबीची थोरली बहीण म्हणा) गोल्डमन सॅक्स या बलाढ्य बँकेवर फसवणुकीचा दिवाणी दावा दाखल केला. त्या एका दिवसात बँकेचा समभाग सुमारे १३ टक्क्यांनी कोसळला. आरोपाचे सार एवढेच, की गुंतवणूकदारांना एक नाव सांगितले गेले नाही. त्या नावाची ही कथा.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत घरासाठी कर्ज देणारी संस्था ते कर्ज स्वतःजवळ ठेवतेच असे नाही. हजारो गृहकर्जे एकत्र बांधून, त्यांच्या हप्त्यांच्या आधारावर रोखे काढले जातात आणि ते जगभर विकले जातात. २००६ पर्यंत ऐपत न पाहता दिलेली कर्जेही या गाठोड्यांत मोठ्या प्रमाणावर शिरली होती. न्यूयॉर्कचे गुंतवणूक व्यवस्थापक जॉन पॉलसन यांचा कयास होता, की हे हप्ते थकणार आणि रोखे बुडणार.

पण बुडण्यावर पैज लावायची तर तगण्यावर पैज लावणाराही कोणी हवा. तो मिळवून देण्याचे काम गोल्डमनने पत्करले. ‘अ‍ॅबॅकस २००७-एसी१’ हे त्या व्यवहाराचे नाव.

गंमत अशी, की या व्यवहारात प्रत्यक्ष कर्ज एकही विकत घेतलेले नव्हते. होती ती केवळ ९० रोख्यांची यादी. ते तगले तर एका बाजूचा लाभ, बुडाले तर दुसऱ्या बाजूचा. म्हणजे यादी कोणी केली, यावरच सारे अवलंबून होते.

माहितीपत्रकात उत्तर छापलेले होते : एसीए ही स्वतंत्र, अनुभवी संस्था. पॉलसन यांचा उल्लेख कोठेही नव्हता. प्रत्यक्षात त्यांच्या कंपनीने जानेवारी २००७ मध्ये १२३ रोखे सुचवले होते. एसीएने त्यांतले ५५ स्वीकारले आणि पुढच्या घासाघिशीतून अंतिम ९० ठरले. या सेवेबद्दल पॉलसन यांच्या कंपनीने गोल्डमनला सुमारे दीड कोटी डॉलर दिले. कमिशनचे म्हणणे असे, की पॉलसनही आपल्याच बाजूने पैसे घालत आहेत, असा एसीएचा समज करून देण्यात आला होता.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर, संघाच्या पराभवावर पैसे लावणारा गृहस्थ निवड समितीत बसला होता, आणि तिकीट घेणाऱ्यांना त्याची वार्ताही नव्हती.

व्यवहार एप्रिल २००७ च्या अखेरीस पुरा झाला. ऑक्टोबरपर्यंत यादीतील ८३ टक्के रोख्यांचे पतमानांकन घसरले. जानेवारी २००८ च्या अखेरीस ९९ टक्के. पॉलसन यांचा लाभ सुमारे १ अब्ज डॉलर. जर्मनीच्या आयकेबी बँकेने सर्वोच्च ‘ट्रिपल ए’ मानांकन पाहून घातलेले १५ कोटी डॉलर जवळजवळ सर्व गेले. एबीएन अ‍ॅम्रोने पत्करलेली जोखीम रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या गळ्यात आली. तिने ऑगस्ट २००८ मध्ये सुमारे ८४ कोटी डॉलर भरले. दोन महिन्यांत त्या बँकेलाच ब्रिटिश करदात्यांच्या पैशांनी वाचवावे लागले.

गोल्डमनचा बचाव अगदीच पोकळ नव्हता. समोरचे ग्राहक भोळे ठेवीदार नव्हते. अशा व्यवहारात विरुद्ध बाजूस कोणीतरी असतोच, हे ते जाणत होते. आपलेही यात ९ कोटींहून अधिक डॉलर बुडाले, असे बँक सांगत होती. परंतु विरुद्ध बाजूस कोणी असणे निराळे आणि त्यानेच माल निवडून देणे निराळे. १९२९ च्या घसरगुंडीनंतर झालेला १९३३ चा रोखे कायदा याच तत्त्वावर उभा आहे : वाईट माल विकण्यास बंदी नाही, पण खरेदीदाराच्या निर्णयावर परिणाम करील अशी गोष्ट दडवता येत नाही. तरीही कमिशनच्या पाच सदस्यांत दावा लावण्याबाबत मतभेद होता. निर्णय ३ विरुद्ध २ असा झाला. पॉलसन यांच्यावर मात्र आरोप ठेवला गेला नाही. विक्रेते ते नव्हते, माहितीपत्रकही त्यांचे नव्हते.

जुलै २०१० मध्ये तडजोड झाली. गोल्डमनने ५५ कोटी डॉलर मान्य केले : ३० कोटी सरकारी तिजोरीत, १५ कोटी आयकेबीला, १० कोटी रॉयल बँकेला. आरोप ना स्वीकारले, ना नाकारले. माहितीपत्रक अपुरे होते आणि ती चूक होती, एवढे मात्र कबूल केले.

न्यायालयात ज्यूरीसमोर उभा राहिला तो एकच माणूस : फाब्रिस तूर, व्यवहाराच्या वेळी विशीतला असलेला फ्रेंच कर्मचारी. सारा डोलारा कोसळण्याच्या बेतात आहे, अशा अर्थाची त्याने मैत्रिणीला धाडलेली ई-मेल जगभर गाजली होती. बँकेत त्याच्या वर अधिकाऱ्यांच्या कितीतरी पायऱ्या होत्या. त्यांपैकी कोणावरही या दाव्यात आरोप नव्हता, ही गोष्ट मला आजही खटकते. १ ऑगस्ट २०१३ रोजी ज्यूरीने सातपैकी सहा आरोपांत त्याला जबाबदार धरले. २०१४ मध्ये त्याला ८ लाख २५ हजार डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश झाला, आणि त्यातील दंड गोल्डमनने त्याच्या वतीने भरू नये, असेही न्यायाधीशांनी बजावले. तोवर तो बँक सोडून शिकागो विद्यापीठात अर्थशास्त्राचा संशोधक विद्यार्थी झाला होता.