जबलपूरची दुर्बीण : जंगल, चांदमारी आणि माळ

शिकारी म्हटला की त्याच्या गळ्यात दुर्बीण असावयाचीच, अशी समजूत चित्रांनी व चित्रपटांनी लोकांच्या मनात रुजविली आहे. मध्य प्रांतातील शिकारीचा इतिहास या समजुतीला फारसा दुजोरा देत नाही. जबलपूर शहर हे पाहावयास उत्तम ठिकाण होय. नेपियर टाउन, राइट टाउन अशा इंग्रजी नावांच्या वस्त्या मिरविणाऱ्या या शहराला दोन शेजार लाभले : एक मंडल्याकडील सालवनांचा आणि दुसरा तोफा-बंदुकांच्या कारखान्यांचा. दुर्बिणीची गरज पहिल्या शेजारात कमी व दुसऱ्यात अधिक, हे ऐकून नवल वाटेल. पण वस्तुस्थिती तशीच आहे.

हा मुलूख मराठी माणसाला परका नव्हे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंडांचे मंडल्याचे राज्य जिंकले, १७९८ मध्ये तो प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर या रानांत बंदुकीची शिकार वाढली, आणि त्या शिकारीचा जाणता लेखक म्हणजे कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर तळ ठोकणाऱ्या या अधिकाऱ्याचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये निघाले. परंतु त्याआधीच त्याने शिकारी रायफलींवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. दाट रानात जनावर दिसते तेच मुळी जवळून, तेव्हा लांब पल्ल्याच्या बंदुकीपेक्षा जवळून जबर आघात करणारी गोल गोळीची रायफल बरी, असा त्याचा रोख होता. ज्या रानात पन्नास-शंभर पावलांपलीकडे नजरच पोचत नाही, तेथे वीस पटींची दुर्बीण झाडाच्या सालीवरील मुंग्या तेवढ्या दाखवील!

स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांवर गोष्ट वेगळी होती. तेथील हरणांचे शिकारी पितळेची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची लांब दुर्बीण बाळगीत आणि तासन् तास पडून डोंगरउतार न्याहाळीत. बोअर युद्धात, १९०० मध्ये, अशाच शिकाऱ्यांतून लोव्हॅट स्काउट्स हे पथक उभे राहिले. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढील टेहळणीसाठी त्यांची लांब दुर्बीणच उपयोगी पडली. पोरोच्या १८५४ मधील लोलकरचनेमुळे दुर्बिणीची लांबी कमी करता येऊ लागली होती, आणि १८९४ पासून झाइसच्या कारखान्यातून लोलकांची जोडदुर्बीणही निघत होती. तरीही एका डोळ्याची लांब दुर्बीण टिकून राहिली, कारण तिची दृष्टी अधिक खोल जाई.

लांबवर पाहण्याची ही विद्या हिंदुस्थानात शिकाऱ्यांआधी मोजणीदारांनी कसोटीस लावली. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १८२३ मध्ये वारला. काम चालू असतानाच. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टला दुपारच्या तापलेल्या हवेने फार छळले. दूरचे निशाण थरथरे, पसरे, नाचे. म्हणून रात्री दिवे लावून निरीक्षणे घेण्याचा प्रघात त्याने पाडला. त्याची यंत्रे दुरुस्त करणारा कुशल हात अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेनचा होता, हेही येथे नमूद करणे उचित होईल; साहेबांच्या नावांच्या गर्दीत हे नाव मागे पडते.

भिंग कितीही मोठे असले तरी मधली हवा स्वच्छ करीत नाही, आणि पट वाढविले की मृगजळही तितकेच वाढते. जबलपूरच्या उन्हाळ्यात चांदमारीवर उभा राहणारा प्रत्येक नेमबाज हे जाणतो.

१९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, आणि गोळागोळीच्या परीक्षणासाठी पल्ला मोजलेली मैदाने आली. चांदमारीवर दुर्बिणीला नेमके काम असते. निरोगी डोळा साधारणपणे एक कलेचा भेद ओळखतो. ५० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर. आणि तेथील लहान रायफलीच्या गोळीने कागदावर पडणारे छिद्र अवघे ५.६ मिलिमीटरचे. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी ते दिसावयाचे नाही. ३०० मीटरवर तर एक कला ८७ मिलिमीटरची होते. तेथे पडलेले ७.६२ मिलिमीटरचे छिद्र ओळखण्यास हिशोबाने बारा पट पुरतात. काळ्या चांदावर ते विनासायास दिसावे यासाठी वीस ते पंचवीस धरावे.

येथेच बेताच्या पैशांत दुर्बीण घेणारा माणूस फसतो. स्वस्त दुर्बिणीवर ‘२० ते ६०’ असा आकडा ठळक छापलेला असतो आणि साठ हा आकडा त्याला मोह घालतो. परंतु ६० मिलिमीटरच्या वस्तुभिंगाला साठ पट लावले, तर नेत्रभिंगातून डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका केवळ एक मिलिमीटर जाडीची उरते. चित्र मोठे होते, पण अंधुक व दुधाळ. तेच भिंग वीस पटींवर तीन मिलिमीटरची शलाका देते. म्हणून मोजके पैसे असणाऱ्याने ते पटींवर न घालता चांगल्या भिंगांवर आणि भक्कम तिपाईवर घालावेत. हलकी तिपाई वाऱ्याने हलली की महागडी दुर्बीणही आंधळी होते. पालथे पडून नेम धरणाऱ्यास नेत्रभिंग तिरपे असलेली दुर्बीण सोयीची, कारण मान उचलावी लागत नाही.

नेमबाजी सामान्य नागरिकाची व्हावी, या खटपटीत एक मराठी नाव आघाडीवर आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले, आणि त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही नवे नेमबाज पुढे येतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटरच्या नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच पल्ल्यावर कांस्यपदक मिळविले. मोठ्या स्पर्धांत आता गुण विद्युत्‌यंत्र दाखविते, तेव्हा छिद्र शोधण्याचे काम सरले. तरी वाऱ्याचा कल आणि मृगजळाची वाहती दिशा वाचण्यास दुर्बीण लागतेच. कागदी चांदावर सराव करणाऱ्या गरीब नेमबाजास तर दोन्हींसाठी.

शिकारीचा अध्याय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटला. कान्हा त्याआधीच, १९५५ मध्ये, राष्ट्रीय उद्यान झाले होते. पण सालवनाच्या मधोमध तेथे गवताळ माळ आहेत, आणि त्यांवर चरणारे बारशिंगे १९७० मध्ये अवघे ६६ उरले होते. फॉर्सिथच्या दाट रानात जी दुर्बीण निरुपयोगी, ती या माळाच्या कडेला बसणाऱ्याच्या कामाची ठरली. जनावराला न बिचकविता त्याची शिंगे व वासरे मोजता येतात. मात्र हे काम पहाटेचे, धुक्यातले असते. तेथे जाणता निरीक्षक पटींचे चाक विसावर ठेवतो आणि उन्हे वर येईपर्यंत त्याला हात लावीत नाही.