सूक्ष्म छेदाची वाट

आज चेन्नई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्रास शहरात, कंपनी सरकारच्या अंमलात, १८१९ साली केवळ नेत्ररोगांसाठी एक स्वतंत्र रुग्णालय उघडण्यात आले. १८८४ साली ते एग्मोर येथे स्थिरावले, आणि आशियातील सर्वांत जुने नेत्ररुग्णालय म्हणून त्याची गणना आजही होते. पोटाला दोन-तीन छिद्रे पाडून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेचे आज सर्वत्र कौतुक होते, आणि ते योग्यच आहे; परंतु रुग्णाच्या देहावरील छेद लहान व्हावा या ध्येयाचा खरा, दीर्घ आणि बोधप्रद इतिहास वाचावयाचा असेल, तर तो डोळ्याएवढ्या इवल्याशा अवयवाच्या चिकित्सेतच वाचला पाहिजे.

या इतिहासाशी मराठी माणसाचा ऋणानुबंध आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजीराजे (दुसरे) यांना तरुणपणी, गादीच्या वारशाचा तंटा चालू असता, काही वर्षे मद्रासेत ठेवण्यात आले होते, आणि पाश्चात्य विद्येचे संस्कार त्यांच्यावर तेथे दृढ झाले. १७९८ साली ते गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजसत्ता किल्ल्यापुरती उरली. अशा वेळी ज्या राजाने आपले चित्त विद्येकडे वळविले, त्याच्या पदरी धन्वंतरी महाल हे चिकित्सालय उभे राहिले, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दप्तरात नेत्ररुग्णांच्या तपशीलवार नोंदी, त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, जपल्या गेल्या. अलीकडे चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील अभ्यासकांनी या नोंदींचा अभ्यास केला आहे. उपचारापूर्वी डोळा कसा होता आणि उपचारानंतर कसा झाला हे लिहून ठेवण्याची ही शिस्त मला कोणत्याही शस्त्राहून मोलाची वाटते. त्याचे कारण पुढील हकिकतीवरून ध्यानी येईल.

त्या काळी देशभर मोतीबिंदूवर जो उपाय चाले, तो सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या विधीचाच वंशज होता: डोळ्यात शलाका घालून गढूळ झालेले भिंग दृष्टीच्या मार्गातून खाली लोटावयाचे. छेद म्हणावा तर सुईच्या अग्राएवढा! फिरत्या वैद्यासमोर बसलेल्या अंधाला त्याच क्षणी उजेड दिसे, बोटे मोजता येत, आणि वैद्य बिदागी घेऊन पुढच्या गावी मुक्कामाला जाई. परंतु लोटलेले भिंग डोळ्यातच राहिल्याने, आणि अस्वच्छ शलाकेने नेलेल्या दोषामुळे, पुढे दाह उठे, डोळ्यातील दाब वाढे, आणि कित्येकांचा डोळा कायमचा जाई. १९०४ पासून सुमारे दहा वर्षे मद्रासच्या नेत्ररुग्णालयाचे अधीक्षक असलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी अशा बिघडलेल्या डोळ्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९१७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यावर व्याख्याने दिली. छेद लहान असणे ही स्वतः कृपा नव्हे, हे त्या डोळ्यांनी सिद्ध केले होते.

पाश्चात्य शस्त्रवैद्यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधीच उलट वाट धरली होती. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये दाव्हिएल याने भिंग खाली न लोटता बाहेर काढण्याची पद्धती रूढ केली, आणि तिच्यासाठी पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याच्या, कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाएवढा छेद घ्यावा लागे. मोतीबिंदू समूळ निघे. पण त्याचे मोल रुग्ण भरी. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून त्याला दिवसच्या दिवस उताणे निजवीत. खोकणे, शिंकणे, कुशीवर वळणे यांची बंदी असे, कारण एवढी मोठी जखम उसवली तर डोळ्यातील द्रव्यच बाहेर येण्याचे भय होते. पुढे टाके आले, तरी टाक्यांच्या ताणाने पारपटलाचा आकार बिघडे आणि दृष्टी वेडीवाकडी होई. हातावर पोट असलेल्या माणसाला त्या सक्तीच्या विश्रांतीत मजुरी बुडण्याचे दुःख डोळ्याच्या दुःखाइतकेच असे.

खुद्द एलियट यांनी १९०९ साली मद्रासेत काचबिंदूवर जी शस्त्रक्रिया प्रचारात आणली, तिच्यात सूक्ष्म छेदाचे पहिले डोळस रूप दिसते. गोल पात्याच्या चिमुकल्या गिरमिटाने, पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेवर, सुमारे दोन मिलिमीटरचे एक छिद्र पाडावयाचे, आणि वरच्या पातळ आवरणाआड कोंडलेले द्रव हळूहळू पाझरू द्यावयाचे, अशी ती योजना होती. त्याच सुमारास ग्लासगोत फर्ग्युस यांनीही तीच दिशा धरली होती; परंतु मद्रासच्या गर्दीतून मिळालेल्या अनुभवाने तिला जगभर मान्यता मिळाली.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया होऊ लागली, १९४९ साली लंडनमध्ये रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले, आणि १९६७ साली न्यूयॉर्कच्या केलमन यांनी ध्वनिकंपनांनी मोतीबिंदूचा भुगा करून तो शोषून घेण्याची युक्ती काढली. आज त्यासाठी तीन मिलिमीटरच्या आतबाहेर छेद पुरतो, तो डोळ्यातील दाबानेच मिटतो आणि टाक्यांची गरज उरत नाही. यंत्र महाग, म्हणून गरिबांनी मोठी जखमच सोसावी काय? मद्रासेत नेत्रवैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत अवघ्या अकरा खाटांवर उभारलेल्या अरविंद रुग्णालयाने स्वस्त भिंगाची आणि हातानेच करावयाच्या, बिनटाक्याच्या लहान छेदाची वाट रुळवून त्या प्रश्नाचे उत्तर दिले. उदरशस्त्रक्रियेतही हेच घडले: मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीने पित्ताशय काढले, ते खासगी श्रीमंती इस्पितळात नव्हे, तर सरकारी रुग्णालयात. लहान जखमेत वेदना कमी, संसर्गाचे भय कमी, आणि कामावर परतणे लवकर. हा लाभ सर्वांत अधिक त्याचा, ज्याला अंथरुणावर पडून राहणे परवडत नाही.

सुईएवढ्या छेदापासून अर्धवर्तुळापर्यंत आणि तेथून पुन्हा तीन मिलिमीटरपर्यंत असा हा प्रवास वर्तुळाकार दिसला, तरी आरंभ आणि शेवट यांत अंधार व प्रकाशाचे अंतर आहे: पहिला हात आत काय होते ते न पाहता चाले, आणि आजचा हात पाहून, मोजून, नोंदून चालतो. ज्या एग्मोरात ते नेत्ररुग्णालय आहे, तेथूनच तंजावरकडे जाणाऱ्या अनेक गाड्या सुटत आल्या आहेत. त्या मुलखातून आलेला एखादा वृद्ध शेतकरी, वाळूच्या पिशव्यांचे नावही न ऐकता, लवकरच उघड्या डोळ्यांनी खिडकीशी बसून भाताची खाचरे पाहत घरी परततो, तेव्हा त्या राजाने जपलेल्या नोंदवह्यांचे सार्थक झाले असे मी समजतो.