घोडबंदरच्या खाडींतील होडीकर

देवळाच्या महोत्सवाची पुस्तिका म्हटली म्हणजे पायाचा दगड केव्हां बसला, घंटा कोणीं दिली, शाळा कोणत्या सालीं निघाली, हा वृत्तान्त तींत यावा अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. परंतु ज्या लोकांच्या पदरच्या पैशानें या भागांतील देवळें उभीं राहिलीं, त्यांतील कित्येकांचा निर्वाह जितका शेतावर होता तितकाच खाडीवरही होता. शेतकऱ्याच्या कष्टांची आठवण आगेऱ्याच्या सणांत दरवर्षीं होते. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळांत येतात. होडीकराची आठवण तशी राहिलेली नाहीं. म्हणून या लेखांत दगडाचा नव्हे, तर पाण्याचा इतिहास सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ठाण्याहून घोडबंदरास जाणाऱ्या सडकेवर निघालें म्हणजे डाव्या हातास येऊरचे डोंगर आणि उजव्या हातास खाडी असते. या दोहोंमधील चिंचोळ्या पट्टींत माजिवडें, बाळकुम, कोलशेत, कावेसर, वाघबीळ, ओवळें, गायमुख हीं गांवें व वस्त्या आहेत. खाडी म्हणून जिला आम्ही ओळखतों ती वस्तुतः उल्हास नदीच होय. बोरघाटाजवळ सह्याद्रींत उगम पावून कर्जत व बदलापूर यांवरून ती कल्याणास येते; त्या बाजूस काळू व भातसा यांचें पाणी तीस मिळतें. पुढें ठाण्याजवळ तिचा एक फांटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीकडे वळतो, आणि मुख्य प्रवाह घोडबंदरावरून पश्चिमेस जाऊन वसईजवळ समुद्रास मिळतो. याच पाण्याच्या वेढ्यामुळें साष्टी हें बेट ठरलें. कल्याणच्या खालीं या नदीचें पाणी दिवसांतून दोनदां उलटें वाहतें, आणि येथील मासेमारीचें सारें शास्त्र या एका गोष्टींत सांठवलेलें आहे.

ज्याच्या कांठीं पेत्र व आंद्रेय जाळीं टाकीत असत तो गालीलचा समुद्र नांवाचाच समुद्र होय. वास्तविक तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे आणि तेथें जाणवण्याजोगी भरतीओहोटी नाहीं. तेथील कोळ्यानें वादळास भ्यावें, परंतु जाळें हवें तेव्हां टाकावें. आमच्या होडीकरास ती मुभा नव्हती. त्याचा दिवस सूर्यानें नव्हे, तर चंद्रानें ठरविलेला असे. भरती दिवसांतून दोनदां येते आणि रोज सुमारें पन्नास मिनिटें मागें पडते. हा हिशेब ठेवण्यास त्याला छापील कोष्टक लागत नसे. चालू पक्षाची तिथि घ्यावी, तिची पाऊणपट करावी, जो अंक येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती, असें त्याचें गणित. अष्टमीस आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास पाणी भरणार. पौर्णिमेस व अमावास्येस पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या व मध्यरात्रीच्या जवळपास भरती. हें गणित मुंबईच्या समुद्रकांठास धरून आहे. खाडींतून पाणी वर चढण्यास वेळ लागतो. म्हणून घोडबंदरास त्यांत कांहीं मिळवावें लागतें, आणि कोलशेतास त्याहून अधिक. हें अधिक किती, तें ज्या त्या गांवचें ज्ञान होतें. तें कोठें लिहिलेलें नव्हतें. बापानें मुलास होडींत बसवूनच तें शिकविलें.

पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास भरती मोठी येते व ओहोट खोल जाते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार थोडा असतो. त्यास भांग म्हणतात. उधाणांत प्रवाह जोराचा असतो, म्हणून खाडीच्या तळाशीं रोवलेल्या खुंटांस बांधलेलीं डोल व भोकशी यांसारखीं पिशवीच्या आकाराचीं जाळीं तेव्हां चांगलीं भरतात. अशा जाळ्याचें तोंड प्रवाहाच्या समोर ठेवितात. मासळी पाण्याबरोबर आंत जाते आणि प्रवाहाच्या दाबामुळें तिला परतणें जड होतें. येथें माणूस मासळीच्या मागें धांवत नाहीं. पाणीच तिला आणून देतें. मात्र पाणी फिरण्यापूर्वीं जाळें उचललें नाहीं तर आलेलें धन जातें. म्हणून मध्यरात्र असो वा पहाट असो, पाण्याच्या वेळेस होडीकर खुंटापाशीं हजर असलाच पाहिजे. भांगांत प्रवाह मंद असतो. तेव्हां गळ व पाग यांचें काम अधिक चाले.

पाग म्हणजे फेंकावयाचें वाटोळें जाळें. त्याच्या कडेस शिशाचे मणी ओंवलेले असतात. एकानें होडीच्या मागच्या टोकास बसून वल्ह्यानें अथवा बांबूनें होडी स्थिर धरावी, आणि दुसऱ्यानें पुढच्या टोकास उभें राहून पाग अशा रीतीनें फेंकावा कीं तो हवेंत पूर्ण उघडून पाण्यावर ताटासारखा पडावा. मागचा चुकला तर पुढचा पाण्यांत पडतो. दोघांचा मेळ असल्यावांचून हें काम होत नाहीं. म्हणून बाप व मुलगा, अथवा भाऊ व भाऊ, अशा जोड्या एका होडींत असत.

जुन्या काळची लहान होडी एकाच मोठ्या लांकडाचा गाभा कोरून केलेली असे. कोंकणच्या किनाऱ्यावर अशा होडीस तोल राखण्यासाठीं बाजूस उलांडी जोडण्याची चाल आहे. परंतु तिवरांच्या दाटींतून वाट काढतांना उलांडी अडते, आणि तेथें होडीकरास आपल्या पायांवरच तोल सांभाळावा लागतो. जाळीं सणाच्या अथवा सुताच्या दोऱ्यानें घरींच विणीत व तीं कुजूं नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यांत रंगवीत. नायलॉनचा दोरा आल्यावर हें काम सुटलें. मासळी म्हणाल तर बोय, काळुंदर, शिंगाळा, कोळंबी, करंदी, चिंबोरी, आणि सर्वांत मानाचा जिताडा. हा मासा खाऱ्या पाण्यांत जन्मतो आणि गोड्या पाण्याकडे चढून वाढतो. म्हणून नदी व समुद्र यांची जेथें भेट होते तेथें तो सांपडतो. ओहोटीच्या चिखलावर निवट्या उड्या मारतात, आणि तिवरांच्या मुळांत कोळंबीचीं पिलें आसरा घेतात. या व्यवसायाचा अर्धा भार स्त्रियांवर होता. मासळी निवडणें, सुकविणें, पाटी डोक्यावर घेऊन ठाण्याच्या बाजारांत जाणें, भाव करणें व पैसा घरीं आणणें हें त्यांचें काम. होडीकरास पाण्याचा भाव ठाऊक, पण मासळीचा भाव त्याच्या घरधनिणीस ठाऊक.

इतिहासाच्या ग्रंथांत या खाडीचा उल्लेख फार जुना आहे. परंतु तो व्यापाराचा व लढायांचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वर्णनांत कल्याणचें बंदर आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें ठाण्याचें राज्य वर्णिलें, त्यांत समुद्रमार्गें येणाऱ्या घोड्यांची हकीकत आहे; घोडबंदर हें नांवही अरबी घोड्यांच्या व्यापारावरून पडलें असें मानितात. 1321 सालीं होर्मुझहून कोल्लमकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन वाऱ्यामुळें ठाण्यास लागले, तेथील नेस्तोरी ख्रिस्ती कुटुंबांत उतरले, आणि एप्रिल महिन्यांत हुतात्मे झाले. 23 डिसेंबर 1534 रोजीं गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांनीं पुढें घोडबंदरास किल्ला बांधिला. 1657 सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेऊन याच पाण्यावर आपल्या आरमाराचीं जहाजें बांधण्यास आरंभ केला. 1675 सालीं डॉक्टर जॉन फ्रायर हा इंग्रज मुंबईहून जुन्नरास जातांना जलमार्गानेंच कल्याणपर्यंत गेला. 1737 सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें, 1739 सालीं चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढें वसई पडली, आणि 1774 च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेऊन साष्टींत पाय रोवला.

या सर्व घडामोडींत होडीकराचें नांव कोठेंही नाहीं. बंदरास घोड्यांचें नांव मिळालें, आणि घोडे उतरवून घेणारे हात विसरले गेले. तथापि ज्या खाडीचा चिखल दर पावसाळ्यांत जागा बदलतो, तींत परक्या गलबतास वाट दाखविण्यास तेथलाच माणूस लागतो, हें सांगण्यास दप्तराची गरज नाहीं. राज्यें चार झालीं. पाण्याची वाट सांगणारा एकच राहिला. 1853 सालीं आगगाडी ठाण्यास आली व 1854 सालीं पुलावरून खाडी ओलांडून कल्याणाकडे गेली. तेव्हांपासून माणसांची व मालाची वाहतूक हळूहळू पाण्यावरून जमिनीवर गेली, आणि होडीस मासेमारी एवढेंच काम मुख्यतः उरलें. 1882 सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत मासळीची व मासेमारीची माहिती सरकारनें विस्तारानें नमूद केली आहे.

पोर्तुगीज अमलांत साष्टींतील व समुद्रकांठच्या कित्येक कोळ्यांनीं बाप्तिस्मा घेतला. उत्तन, गोराई, मनोरी येथील वस्ती आजही याची साक्ष देते. परंतु उपासनेचा मार्ग बदलला तरी खाडीचा नियम बदलला नाहीं. ख्रिस्ती कोळी, हिंदु सोनकोळी, आगरी व डोंगराच्या पायथ्याचे कातकरी हे एकाच पाण्यावर, एकाच तिथीच्या हिशेबानें जगले. ख्रिस्ती घरांत शुक्रवारीं व उपवासकाळांत मांस वर्ज्य असल्यामुळें मासळीस गिऱ्हाईक होतें. तिथि पंचांगाची, शुक्रवार देवळाचा, आणि मासळी खाडीची. यांत कोणास कधीं विसंगति वाटली नाहीं.

तो काळ सुखाचाच होता असें म्हणणें सत्यास सोडून होईल. पावसाळ्यांतील ओढ, सावकाराचें देणें, रात्रीच्या थंडीनें जडणारीं दुखणीं, हें सर्व होतें. ज्यांचीं मुलें शिकून कारखान्यांत व कचेरींत गेलीं त्यांना कोणीं दोष देऊं नये. परंतु व्यवसाय आपण होऊन सोडणें निराळें, आणि पाणीच नासल्यामुळें तो सुटणें निराळें. 1897 च्या मत्स्यव्यवसायाच्या कायद्यानें मासे मारण्याकरितां पाण्यांत विष कालवणें हा गुन्हा ठरविला होता. गरीब माणसानें ओढ्यांत विषारी वनस्पति टाकून मासे धरूं नयेत, हा त्याचा हेतु. पुढें याच नदीच्या वरच्या अंगास कारखाने व शहरें वाढलीं, आणि त्यांचें सांडपाणी जें करूं लागलें तें कोणाच्या पाल्यानें कधीं झालें नव्हतें. 1974 सालीं जलप्रदूषणाचा कायदा झाला; 2015 सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल दंडाची आज्ञा केली. तिवरांचें जंगल तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयानें 2005 सालीं मनाई केली व 2018 सालीं ती कायम केली. न्यायालयास जें झाड राखावेंसें वाटलें, त्याचें मोल निरक्षर होडीकरास आधींच ठाऊक होतें. कारण तिवर गेलें कीं कोळंबी जाते, हें तो आपल्या पाटींत पाहत होता.

आतां सडकेच्या दोहों बाजूंस उंच इमारती उभ्या आहेत व त्यांच्या गच्चीवरून खाडी रम्य दिसते. 2016 च्या कायद्यानें कल्याण-ठाणें-मुंबई हा 145 किलोमीटरांचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 ठरला आहे. वाहतूक पुनः पाण्यावर येणें हें उत्तमच. आमचें म्हणणें इतकेंच कीं मोठ्या बोटींसाठीं धक्के बांधतांना लहान होडी ओढून घेण्याची उतरण, जाळीं वाळविण्याची जागा व खुंटांचें पाणी यांचाही विचार व्हावा. जो त्या पाण्यावर सर्वांआधीं होता त्यास तेथें उपरा ठरवूं नये.

हें मागणें सरकारकडे झालें. आपल्याकडेही एक काम आहे. ज्या घरांत अजून पाग आहे, वल्हें आहे, त्या घरांतील वृद्धांपाशीं तरुणांनीं बसावें. आपल्या गांवीं तिथीच्या पाऊणपटींत किती मिळवावें लागतें, कोणत्या खुंटाची जागा कोणत्या घराची, कोणत्या वळणास काय नांव, हें विचारून वहींत उतरून घ्यावें. बाप्तिस्म्याचीं व विवाहांचीं पुस्तकें आम्ही जपतों, कारण त्यांत माणसांचीं नांवें आहेत. पाण्याच्या नांवांचें पुस्तक अद्याप कोणीं केलेलें नाहीं, आणि तीं नांवें जाणणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. या महोत्सवाच्या वर्षांत तेवढी एक वही भरली, तर ती देवळाच्या दप्तरांत इतर पुस्तकांच्या शेजारीं ठेवण्यास आम्ही तयार आहों.