लोकरीची कातर हिरवळीवर

धनगरांनी कातरलेल्या मेंढ्यांच्या लोकरीचं नगर जिल्ह्यात घोंगडं होतं. त्याला चिंचोक्याची खळ देतात, आणि त्याचा खरखरीतपणा कुणाला खुपत नाही. इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या गिरण्यांना मात्र लोकरीचं कापड गुळगुळीत लागे. लष्करी डगल्यांच्या लाल बनातीसाठी तो मुलूख नावाजलेला होता. विणलेल्या कापडावर उभे राहिलेले तंतू सारखे छाटायचं काम पूर्वी माणसं अवजड कातरींनी करत. पुढे त्यासाठी यंत्र आलं: पीळ दिलेल्या पात्यांचा रूळ फिरायचा आणि खालच्या स्थिर पात्याला लागून तंतू कापले जायचे.

तिथल्याच एडविन बडिंग या कारागिराला वाटलं, जे तंतूंना कापतं ते गवतालाही कापेल. 31 ऑगस्ट 1830 रोजी त्याने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि जॉन फेराबी या ओतशाळावाल्याच्या भागीदारीत यंत्र विकायला काढलं. लंडनचं प्राणी उद्यान पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक. स्क्रूने मागेपुढे होणाऱ्या पान्याचं श्रेयही बडिंगलाच देतात. असा माणूस पात्यांमधलं अंतर जुळवण्याच्या मागे लागला, यात मला नवल वाटत नाही.

1832 पासून रॅन्सम्स कंपनी परवान्यावर ही यंत्रं बनवू लागली. मोठी यंत्रं घोडे ओढत; खुरांनी हिरवळ खराब होऊ नये म्हणून त्यांच्या पायात चामडी बूट घालत. 1902 मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलवर चालणारं यंत्र बाजारात आणलं, आणि 1921 पासून बर्मिंगहॅमच्या ॲटकोने ते घरच्या बागेपर्यंत पोचवलं. घोड्याची जागा इंजिनाने घेतली. कातर होती तीच राहिली.

आपल्याकडे कापलेली हिरवळ आली ती छावण्या, क्लब आणि क्रिकेटबरोबर. नगरसारख्या कोरड्या भागात ती राखायची तर हरळीच टिकते. हरळी जमिनीलगत पसरते, म्हणून ती बारीक आणि सारखी कापायला रुळाचंच यंत्र हवं. आडवं पातं गरगरा फिरवणारं यंत्र गवत झोडपतं, शेंडे फाटतात आणि दोन दिवसांत पांढुरके दिसू लागतात.

म्हणून रुळाच्या यंत्राची खरी निगा म्हणजे कातरीची निगा. पहिलं काम प्लगची वायर काढण्याचं. रूळ हाताने फिरवला तरी इंजिन उचल खाऊ शकतं, आणि बोटं पात्यापाशीच असतात. मग वर्तमानपत्राची पट्टी रूळ आणि स्थिर पात्याच्या मध्ये धरायची आणि रूळ सावकाश फिरवायचा. डाव्या टोकापासून उजव्यापर्यंत कागद सगळीकडे स्वच्छ कापला गेला पाहिजे. कुठे नुसता दुमडला, तर त्या बाजूचा स्क्रू किंचित आवळायचा. पाती एकमेकांवर घासली जातील इतका मात्र नाही. तापलेल्या पात्याची धार लवकर जाते. थोडी बोथट झालेली धार गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात त्या पेस्टने परत येते: ती पात्यांना लावून रूळ उलटा फिरवायचा, मग सगळी पेस्ट पुसून काढायची. गवतात दडलेला एक खडा ही सारी मेहनत वाया घालवतो, त्यामुळे कापणीआधी मैदान पायांनी फिरून पाहिलेलं बरं.

इंजिनाचं म्हणाल, तर ज्या नगरात किनेटिकची लूना मोपेड बनली, तिथे टू-स्ट्रोक कुणाला शिकवायला नको. जुन्या टू-स्ट्रोक यंत्राला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं. फोर-स्ट्रोकला ते वेगळं भरायचं आणि पातळी बघायची. नवी काळजी आहे ती इथेनॉलची. 1950 च्या सुमारास प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, जिल्हा उसाचा झाला, आणि आता उसापासूनचं इथेनॉल पंपावरच्या पेट्रोलमध्ये असतं. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे आणि तो असावाच. पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, जुन्या रबरी नळ्या खराब करतं. तेव्हा यंत्र महिना-दोन महिने उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवायचं.