उद्घाटनाआधीचे महिने

वलवणच्या धरणाविषयी जे काही छापलेले सापडते, त्यात दोन तारखा हटकून असतात. फेब्रुवारी १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला लोणावळ्यास बसवली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी घाटाखाली खोपोलीच्या वीजघराचे उद्घाटन केले. वलवणची भिंत त्यानंतर, १९१६ साली पुरी झाली. ज्यांच्या मनात या योजनेने घर केले होते ते जमशेटजी टाटा १९०४ सालीच निवर्तले होते आणि पुढचे काम दोराबजींच्या काळात तडीस गेले, हेही सगळ्यांना ठाऊक असते. कोनशिलेला कोण हजर होते आणि कळ कोणी दाबली, याची आपल्याकडे चोख नोंद राहते. पण त्या दोहोंच्या मध्ये एक दिवस येऊन गेलेला असतो. त्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदा पाणी सोडलेले असते आणि चारदोन माणसे नळाच्या सांध्यांवर हात फिरवीत, थेंब कोठे दिसतो काय हे पाहत उभी राहिलेली असतात. त्या दिवसाला हारतुरे नाहीत, छायाचित्र नाही. यंत्राचा खरा जन्मदिवस मी तो मानतो.

वलवणला राहणाऱ्या माणसाला हे सुचणे साहजिक आहे. इथल्या तलावांचे पाणी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत जाते आणि तेथून पोलादी नळांतून खोपोलीला उतरते. हा उतार सतराशे फुटांहून अधिक आहे. एक फूट उंचीचे पाणी आपल्या तळाच्या दर चौरस इंचावर सुमारे ०.४३ पौंड भार टाकते. त्या हिशेबाने नळाच्या खालच्या टोकाशी दर चौरस इंचाला सातशे पौंडांहून अधिक दाब येतो. आमच्या दाराशी इंद्रायणीत पाय सोडून बसावे असे शांत असणारे पाणी खोपोलीला पोहोचते ते तोफेच्या गोळ्यासारखे. म्हणून असे नळ पहिल्यांदा भरायचे ते सावकाश, आतली हवा वाट करून बाहेर काढीत. हवा कोंडली तर ती दाबली जाते, आणि दाबलेली हवा सुटताना काय करते हे सायकलचा ट्यूब फुटताना ज्याने ऐकले आहे त्याला सांगायला नको.

हा सातशे पौंडांचा आकडा मी मुद्दाम सांगितला. तारापूरच्या अणुवीजकेंद्रातील पहिल्या दोन भट्ट्यांच्या पात्रांत पाणी उकळते ते दर चौरस इंचाला सुमारे हजार पौंड दाबाखाली. म्हणजे दाबापुरते पाहिले तर खोपोलीचा नळ आणि तारापूरचे पात्र यांच्यात फार मोठे अंतर नाही. खोपोलीला नळ गळला तर पाणी बंद करायचे, सांधा उघडायचा, माणूस आत उतरवायचा आणि दुरुस्ती करायची. तारापूरला एकदा भट्टी पेटली की यांतली शेवटची दोन कामे जवळजवळ कायमची माणसाच्या हाताबाहेर जातात. अणुवीजकेंद्राच्या इतिहासात उद्घाटनाआधीच्या महिन्यांना जे वजन आहे, ते एवढ्या एका गोष्टीमुळे.

तारापूरला जाण्याआधी पुण्याला थोडे थांबले पाहिजे, कारण पहिल्या पाण्याआधीची कसोटी चुकली म्हणजे काय होते हे महाराष्ट्राला शिकवले ते पानशेतने. आंबी नदीवरचे ते धरण अजून पुरे व्हायचे होते. पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते, त्याच्या दारांचे काम संपलेले नव्हते. तरीही १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. जवानांनी रात्री वाळूची पोती रचून खचणारी भिंत काही तास धरून ठेवली, पण १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खाली १८७९ पासून उभे असलेले खडकवासल्याचे धरणही नेले. नदीकाठच्या पेठांचे काय झाले ते पुण्याच्या जुन्या माणसांनी आयुष्यभर सांगितले. पुढे चौकशीची कागदपत्रे पुष्कळ झाली. मला त्यांतून एकच गोष्ट घ्यायची आहे. तयारी पुरी होण्याआधीच ते धरण परीक्षेला बसवले गेले, आणि परीक्षक पाऊस होता. पावसाला तारीख पुढे ढकलायला सांगता येत नाही.

पानशेतनंतर दोनच वर्षांनी, १९६३ साली, भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरविषयी करार झाला. १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी बांधणीचा करार झाला. कारखाना बांधायचा, चालवून दाखवायचा आणि मग किल्ली हातात द्यायची, अशा बोलीचा तो व्यवहार होता. असा व्यवहार विकणाऱ्याला सोयीचा आणि घेणाऱ्यालाही, पण त्यात परीक्षेचा दिवस फार नाजूक असतो. विकणाऱ्याला वेळेत किल्ली द्यायची असते आणि घेणाऱ्याला वेळेत वीज हवी असते. दोघांचीही नजर एकाच तारखेकडे लागलेली.

आपल्याकडे याआधी भट्टी पेटली नव्हती असे नाही. तुर्भ्याची अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली होती. पण अप्सरा पाण्याच्या उघड्या हौदात बुडालेली, संशोधनापुरती. तिथे वाफ नाही, दाब नाही, टर्बाइन नाही. तारापूरला हे सगळे एकत्र आले.

अशा केंद्राची पहिली मोठी परीक्षा असते गार पात्राची. पात्रात अजून इंधन नसते, माणसे आत जाऊन आलेली असतात, सांध्यांची क्ष-किरणांनी छायाचित्रे काढून झालेली असतात. मग पात्र आणि त्याला जोडलेले नळ पाण्याने काठोकाठ भरतात आणि पंपाने दाब चढवीत नेमलेल्या दाबाच्याही वर नेतात. हवेऐवजी पाणीच का, तर पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. एखाद्या सांध्याला चीर पडली तर दोन थेंब बाहेर येताच दाब कोसळतो आणि प्रकरण तेथेच थांबते. हवेने हीच परीक्षा केली तर पात्र म्हणजे बाँब होईल. पाणीही बर्फासारखे गार चालत नाही, कोमट करावे लागते. फार थंड पोलाद ठिसूळ होते आणि परीक्षाच अपघात होऊन बसते.

ही परीक्षा केवळ उपचार नव्हे, याचा दाखला त्याच काळात मिळाला. न्यू जर्सी राज्यातील ऑयस्टर क्रीक येथे त्याच कंपनीची, याच जातीची भट्टी तयार होत होती. १९६७ साली तिच्या पात्राची जलदाब चाचणी चालू असताना तळाशी एका ठिकाणी पाणी झिरपताना दिसले. या जातीच्या भट्टीत नियंत्रक दांडे खालून वर जातात. त्यांच्यासाठी पात्राच्या बुडाला आखूड नळ्या जोडलेल्या असतात, आणि ऑयस्टर क्रीकला अशा १३७ नळ्या होत्या. एका नळीच्या झिरपणीवरून बाकीच्या तपासल्या, तेव्हा पुष्कळांत केसासारख्या बारीक भेगा निघाल्या. काम थांबले, दुरुस्ती झाली आणि केंद्र १९६९ च्या अखेरीस चालू झाले. इंधन भरल्यावर हीच झिरपण सुरू झाली असती तर त्या बुडाखाली कोणाला पाठवले असते? गंज न धरणाऱ्या पोलादाचे एक दुखणे असे की मिठाशी त्याचे वैर आहे, आणि तारापूर तर ऐन समुद्रकाठी. तेथल्या खाऱ्या वाऱ्यात स्वच्छता ही झाडूची बाब राहत नाही, ती शास्त्राची बाब होते.

तारापूरच्या भिंती उभ्या राहत असतानाच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दख्खनचा खडक हलत नाही, ही सर्वांची समजूत त्या पहाटेने मोडली. आराखड्याची परीक्षा कागदावर कितीही कडक झाली तरी जमीन आपला प्रश्न आयत्या वेळी घालू शकते, हे आपल्या अभियंत्यांना सह्याद्रीनेच दाखवले.

गार पात्रानंतर दांड्यांची पाळी. दांडे वरून खाली पडणारे असतील तर गुरुत्वाकर्षण मदतीला असते. तारापूरला वाफ वरच्या अंगाला, म्हणून दांडे खालून, आणि संकटाच्या क्षणी ते पाण्याच्या दाबाने काही सेकंदांत वर फेकावे लागतात. म्हणून प्रत्येक दांडा निरनिराळा, हातात घड्याळ घेऊन तपासायचा. गार असताना तपासायचा आणि तापल्यावर पुन्हा तपासायचा. शंभरातला एक अडला तरी चालेल अशी सोय आराखड्यात ठेवलेली असते. परीक्षकाने मात्र ती सोय नाहीच असे समजून वागायचे असते.

मग इंधन. तारापूरच्या प्रत्येक भट्टीत इंधनाच्या २८४ जुड्या. नवी जुडी माणूस हातमोजे घालून हाताळू शकतो. भट्टी काही काळ चालली की तीच जुडी उघड्यावर जवळ आली तर मिनिटांत प्राण घेईल इतकी दाहक होते. मला या साऱ्या शास्त्रात याहून विलक्षण काही वाटत नाही. जुड्या एकेक करून पाण्याखाली उतरवायच्या, न्यूट्रॉन मोजणारी यंत्रे सतत चालू ठेवायची. मग दांडे थोडे थोडे काढायचे. दर वेळी मोजणी वाढते आणि स्थिरावते. पुढच्या खेपेला अधिक वाढते आणि स्थिरावायला अधिक वेळ घेते. या आकड्यांवरून आलेख काढून अंदाज बांधायचा की आणखी किती काढले म्हणजे भट्टी आपल्या पायांवर उभी राहील, आणि अंदाज आला तरी पाऊल त्याच्या निम्मेच टाकायचे. शेवटी अशी एक वेळ येते की दांडा हलवलेला नसतानाही मोजणी वाढतच राहते, थांबत नाही. तारापूरच्या पहिल्या भट्टीत ही वेळ आली १ फेब्रुवारी १९६९ रोजी, आणि दुसरीत त्याच महिन्याच्या २८ तारखेला. गडगडाट नाही, ठिणगी नाही. कागदावर एक रेघ वर चढत गेली, इतकेच.

आता वाटेल की संपले. पण व्यापारी तत्त्वावर वीज देण्याची तारीख २८ ऑक्टोबर १९६९ ही आहे, आणि इंदिरा गांधींच्या हस्ते केंद्र राष्ट्रार्पण झाले ते जानेवारी १९७० मध्ये. मधल्या महिन्यांत अशी भट्टी पायरीपायरीने चढवतात आणि प्रत्येक पायरीवर तिच्या खोड्या काढतात. चालते टर्बाइन मुद्दाम बंद करायचे. पंप मुद्दाम थांबवायचा. बाहेरची वीज मुद्दाम तोडून डिझेल यंत्रे वेळेत उठतात की नाही ते पाहायचे. धडधाकट माणसाला वारंवार धक्के देऊन तो पडतो का हे पाहणे क्रूर वाटेल, पण ज्याला पुढे चाळीस वर्षे ओझे वाहायचे आहे त्याला आधीच धक्के दिलेले बरे.

यांतला एखादा धक्का राहून गेला तर काय होते? चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीबाबत असाच एक प्रश्न होता. बाहेरची वीज गेली आणि डिझेल यंत्रे चालू व्हायला थोडा वेळ लागला, तर फिरत्या टर्बाइनच्या उरलेल्या गतीवर पंप तेवढा वेळ चालतील काय? या प्रश्नाचे उत्तर हाती नसतानाच ती भट्टी डिसेंबर १९८३ मध्ये चालू करण्यात आली. नंतरचे प्रयत्नही फसले. अखेर २६ एप्रिल १९८६ च्या रात्री तीच परीक्षा घेतली गेली, पण तोवर भट्टी दोन वर्षे चाललेली होती आणि तिच्या पोटात त्या दोन वर्षांची राख साठलेली होती. आराखड्यात दोष होते, माणसांनी नियम मोडले, हे सारे खरेच. पण जी परीक्षा भट्टी कोरी असताना व्हायची, ती भरल्या पोटी झाली.

फुकुशिमाची गोष्ट याच्या उलट. तेथील पहिली भट्टी तारापूरच्या घराण्यातली. वीज गेली तरी वाफ थंड करून पाणी परत पात्रात आणणारे एक साधे यंत्र दोन्हीकडे आहे. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात त्या यंत्रावर सारे अवलंबून होते, आणि पाळीवरच्या एकानेही ते प्रत्यक्ष चालताना कधी पाहिले नव्हते. इमारतीबाहेर थोडीशी वाफ दिसली. ते यंत्र नीट चालले तर किती वाफ निघते, हे सांगणारा कोणी जवळ नव्हता. एके काळी घेतलेली परीक्षा ती घेणाऱ्यांबरोबरच निवृत्त झाली होती.

राहिला प्रश्न परीक्षक कोणाचा. तारापूर चालू झाले तेव्हा आपल्याकडे बांधून घेणारे आणि तपासणारे एकाच खात्याच्या छपराखाली होते. अणुऊर्जा नियामक मंडळ निघाले ते १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, आणि तेही अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी. सुनेची चौकशी सासूने करावी तशी ही व्यवस्था आहे, असे मला नेहमी वाटत आले. २०११ साली स्वतंत्र नियामकाचे विधेयक संसदेत आले, २०१२ साली महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या तोकड्या अधिकारांवर बोट ठेवले, आणि २०१४ साली लोकसभेची मुदत संपताच ते विधेयक विरून गेले.

तरीही या मंडळाच्या खात्यावर एक मोठी जमा आहे, आणि ती गोव्यापलीकडे, कारवार तालुक्यात काळी नदीकाठच्या कैग्याची आहे. तेथे पहिल्या भट्टीवरचा आतला घुमट बांधला जात होता. हा घुमट ताणलेल्या पोलादी तारांनी आवळलेल्या काँक्रीटचा. अपघात झालाच तर किरणोत्सारी वाफ त्याने आत कोंडून धरायची, म्हणून इंधन येण्याआधी त्यात हवा भरून त्याचीही दाबाची परीक्षा होते. त्या परीक्षेपर्यंत हा घुमट पोहोचलाच नाही. १३ मे १९९४ रोजी त्याच्या खालच्या अंगाचा थर सुटला आणि सुमारे १३० टन काँक्रीट खाली कोसळले. चौदा माणसे जखमी झाली. वक्र घुमटात ताणलेल्या तारा काँक्रीटला पापुद्र्यासारखे सोलू पाहतात, त्या ओढीचा पुरेसा विचार आराखड्यात झालेला नव्हता. मंडळाचे अध्यक्ष त्या वेळी डॉ. ए. गोपालकृष्णन होते, परीक्षक खात्यापासून वेगळा हवा, हे पुढे त्यांनी जाहीरपणे मांडले. घुमटाचा आराखडा नव्याने झाला, काँक्रीट नव्याने ओतले गेले, दाबाची परीक्षा झाली आणि मगच इंधन आत गेले. दुसरी भट्टी २४ सप्टेंबर १९९९ रोजी पेटली. पहिली तिच्यामागून, २६ सप्टेंबर २००० रोजी.