औषधसेवन-सातत्य व त्याचे मापन

दीर्घकालीन रोगाच्या रुग्णाने ठरवून दिलेले औषध योग्य मात्रेत, योग्य वेळी व नेमलेल्या मुदतीपर्यंत घेणे म्हणजे औषधसेवन-सातत्य होय. औषध घेतल्याचे रुग्ण पुष्कळदा खोटेच सांगतात, असा इशारा हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील प्राचीन ग्रीक ग्रंथसंग्रहातही आढळतो. भारतात या सातत्याच्या पद्धतशीर मापनाला मुख्यतः क्षयरोगामुळे चालना मिळाली.

आयसोनियाझीड हे औषध १९५२ मध्ये क्षयरोगावर उपयोगात आले. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने घरी व आरोग्यधामात उपचार घेणाऱ्या रुग्णांची तुलना केली. घरचे उपचारही जवळजवळ तितकेच गुणकारी ठरतात, असा निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे औषध घेण्याची जबाबदारी घरावर आली. ती पार पडते की नाही हे पाहण्यासाठी पूर्वसूचना न देता घरी जाऊन गोळ्या मोजणे व मूत्रपरीक्षा करणे, हे उपाय योजण्यात आले. मात्र फेकून दिलेल्या गोळ्याही मोजणीत घेतल्यासारख्याच दिसतात. मूत्रपरीक्षा केवळ अलीकडच्या मात्रेची साक्ष देते.

पुढे कुष्ठरोगाच्या बहुऔषधी उपचारात रिफँपिसीनची मासिक मात्रा कर्मचाऱ्यासमक्ष देण्याची पद्धत आली. क्षयरोगासाठी १९९७ पासून प्रत्यक्ष देखरेखीखालील उपचार सुरू झाले व २००६ पर्यंत ते देशभर पोहोचले.

या मापनाची कसोटी खानदेशात लागते. धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर मुकादमाबरोबर ऊसतोडीसाठी गुजरातेत व इतरत्र जातात. हा हंगाम आणि क्षयरोगाचा नेहमीचा उपचारक्रम, दोहोंची मुदत साधारण सहा महिन्यांचीच. गावच्या नोंदवहीत अशा रुग्णापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद होते; परंतु त्याने औषध सोडले, की टोळीच्या मुक्कामी त्याला ते मिळालेच नाही, हे त्या नोंदीवरून कळत नाही. पहिल्या प्रकारात समजावणे उपयोगी पडते. दुसऱ्यात औषधच रुग्णामागे पाठवावे लागते.

मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या आजन्म उपचारांच्या विकारांत प्रत्येक मात्रेवर देखरेख अशक्यच असते. विकसित देशांतही दीर्घकालीन रोगांत हे सातत्य सरासरी सुमारे ५० टक्केच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नमूद केले. रुग्णाचा दोष मोजण्याऐवजी उपचारव्यवस्थेतील उणीव शोधणे, हेच या मापनाचे खरे प्रयोजन ठरते.