मोसमाची तारीख

जून उजाडला की अंधेरी स्टेशनच्या पुलावर छत्री चाचपत प्रत्येक जण विचारतो, 'मान्सून आला का?' त्याला विचारायचे असते पावसाबद्दल. मूळ शब्दात मात्र पाण्याचा थेंबही नाही.

अरबीत 'वसम' म्हणजे खूण करणे. त्यावरून 'मौसिम', म्हणजे ठरलेली वेळ. ही वेळ वाऱ्यांची. उन्हाळ्यात आशियाची जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरचा दमट वारा नैर्ऋत्येकडून आत ओढला जातो. हिवाळ्यात उलटे, ईशान्येचा कोरडा वारा वाहतो. शिडाच्या गलबतांना या वाऱ्यांची वेळ सांभाळावी लागे. कोणत्या बंदरातून कधी निघायचे, त्या दिवसांना अरब खलाशी 'मौसिम' म्हणत.

मराठीत हा शब्द दोनदा आला. एकदा फारसीच्या वाटेने, 'मोसम' होऊन. आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम असे म्हणताना आपण जुना अर्थच वापरतो. दुसरी वाट लांबची. पोर्तुगिजांनी मौसिमचे 'मोंसाँव' केले. लिस्बन आणि गोव्यामधली सरकारी पत्रे याच वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून जात-येत, म्हणून गोव्याच्या दप्तरात त्या पत्रांच्या बाडांना 'मोंसाँवची पुस्तके' असेच नाव पडले. पुढे तो शब्द इंग्रजीत गेला आणि तिथून 'मान्सून' होऊन आपल्याकडे परतला, तोवर त्याचा अर्थ पार भिजला होता.

अंधेरीच्या पश्चिमेला वेसाव्याच्या कोळ्यांनी दर्यात उतरायची आपली तारीख चंद्रावर बांधली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर, जाळी दुरुस्तीला. श्रावणात नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहायचा, मग होड्या पाण्यात. त्या सुमारास वाऱ्याचा जोर ओसरू लागलेला असतो. सरकारी मासेमारी बंदीही पावसाच्याच हिशोबाने १ जून ते ३१ जुलै अशी आखलेली.

हवामान विभागाने २०२० मध्ये मुंबईतल्या मान्सूनच्या आगमनाची सरासरी तारीख १० जूनवरून ११ जून केली. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. मासेमारी बंदी सुरू व्हायला तेव्हा अजून सहा दिवस होते.